किरण: मुलाचे नाव की मुलीचे? उगम, अर्थ आणि प्रसार

अक्षरयात्री

‘किरण’ हे नाव मुलाचे की मुलीचे, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. विचारणारा कोणत्या भाषेत वाढला यावर ते ठरते, असे माझे मत आहे आणि ते सविस्तर मांडण्यासाठी हा धागा काढत आहे. बाळासाठी हे नाव मनात असलेल्या आईवडिलांना घरातूनच दोन परस्परविरोधी सल्ले मिळतात. एक म्हणतो की हे सरळ मुलाचे नाव आहे, दुसरा म्हणतो की हे मुलीलाच शोभते, आणि दोघेही आपापल्या अनुभवाच्या आधाराने बोलत असतात. म्हणून आधी शब्दाकडे आणि मग नावाकडे पाहावे, असे मला वाटते.

शब्द संस्कृत आहे. ‘कॄ’ म्हणजे विखुरणे, फेकणे, पसरणे. या धातूचे ‘किरति’ असे रूप होते आणि त्यापासून ‘किरण’ सिद्ध होतो. प्रकीर्ण, विकीर्ण, संकीर्ण हे मराठीत नेहमी येणारे शब्दही याच धातूचे आहेत आणि विज्ञानाच्या पुस्तकातले ‘विकिरण’ही याच कुळातले आहे. म्हणजे ‘किरण’ या नावात केवळ उजेड नाही, तर एका ठिकाणाहून निघून दूरवर पोहोचणे ही क्रिया आहे. नावाच्या अर्थाची चौकशी करणाऱ्याला ‘प्रकाश’ एवढेच सांगितले, तर या नावाचे निम्मे सौंदर्य हातचे जाते.

अमरकोशात किरणांसाठी अकरा शब्द एकत्र दिले आहेत: किरण, उस्र, मयूख, अंशु, गभस्ति, घृणि, रश्मि, भानु, कर, मरीचि आणि दीधिति. कोशकाराने तिथेच लिंगांचीही नोंद केली आहे. ‘मरीचि’ स्त्रीलिंगी आणि पुल्लिंगी अशा दोन्ही लिंगांत चालतो आणि ‘दीधिति’ स्त्रीलिंगी आहे, असे तो सांगतो. ‘किरण’ आणि उरलेले शब्द पुल्लिंगी आहेत. म्हणजे संस्कृतच्या दृष्टीने ‘किरण’ पुल्लिंगी आहे, याबद्दल शंका नाही.

यानंतर वाटा फुटतात. मराठीत आपण ‘सूर्याचा किरण’ म्हणतो, म्हणजे पुल्लिंग टिकवतो, मात्र अनेकवचनात ‘सूर्यकिरणे’ असे नपुंसकलिंगी रूपही सर्रास वापरतो. गुजरातीत हा शब्द नपुंसकलिंगी आहे. हिंदीत तो पूर्णपणे स्त्रीलिंगी झाला आहे, ‘सूरज की पहली किरण’, ‘आशा की किरण’. पंजाबी आणि उर्दूतही तो स्त्रीलिंगीच आहे. आता नावांकडे पाहा. उत्तरेत किरण नावाच्या स्त्रिया मोठ्या संख्येने आढळतात. १९४९ मध्ये अमृतसरला जन्मलेल्या आणि १९७२ मध्ये भारतीय पोलीस सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला अधिकारी किरण बेदी हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. सीमेपलीकडे किरण बलोच या पाकिस्तानी खेळाडूने २००४ मध्ये कराचीत वेस्ट इंडीजविरुद्धच्या कसोटीत २४२ धावा केल्या होत्या. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत मात्र हे नाव ऐकले की आधी पुरुष डोळ्यांसमोर येतो: कादंबरीकार किरण नगरकर, यष्टिरक्षक किरण मोरे, २०१५ ते २०१८ या काळात इस्रोचे अध्यक्ष असलेले ए. एस. किरणकुमार.

शब्द तोच, अर्थ तोच, परंतु भोवतालच्या भाषेत त्याला जे लिंग मिळाले, त्याच्या कलाने नावही झुकले. माझ्या दृष्टीने या नावाच्या दुहेरी वापराचे मुख्य कारण हे आहे. जाणकारांनी यात भर घालावी.

निरुक्तप्रेमी

धागाकर्त्यांनी व्युत्पत्ती नेमकी दिली आहे. तिच्यात थोडी वैदिक भर घालतो.

ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात दधिक्रा या दिव्य अश्वाचे सूक्त आहे (४.३८). त्यात धूळ उडवत धावणाऱ्या घोड्याच्या वर्णनात ‘किरण’ हा शब्द येतो आणि तिथे त्याचा अर्थ सूर्याचा किरण असा लागत नाही. अभ्यासक तिथे ‘धूळ’ किंवा ‘लगाम’ असा अर्थ करतात. विखुरणे हा धातूचा अर्थ धुळीला सहज लागू पडतो. लगामाचा अर्थही वाटतो तितका दूरचा नाही, कारण ‘रश्मि’ या शब्दाचेही वेदांत लगाम किंवा दोरी आणि किरण असे दोन्ही अर्थ आहेत. सूर्याच्या रथाला जोडलेल्या घोड्यांच्या दोऱ्या आणि सूर्यापासून निघणाऱ्या प्रकाशाच्या रेषा ही कल्पना त्या काळच्या कवींच्या मनात एकच होती. पुढे ‘निघंटू’ या वैदिक शब्दांच्या जुन्या कोशामध्ये रश्मीची पंधरा नावे दिली आहेत आणि त्यांत ‘किरणाः’ दुसऱ्या क्रमांकावर आहे, म्हणजे तोपर्यंत प्रकाशाचा अर्थ पक्का झालेला दिसतो.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ नामसूचींत ‘किरण म्हणजे सूर्याचा किरण’ असे छापलेले असते, पण संस्कृत साहित्यात चंद्राचे किरणही तितकेच प्रतिष्ठित आहेत. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गातील तिसऱ्या श्लोकात कालिदास म्हणतो की गुणांच्या समुदायात एखादा दोष बुडून जातो, जसा चंद्राच्या किरणांमध्ये त्याचा डाग. तिथे ‘किरणेषु’ हेच रूप आहे. त्यामुळे हे नाव ठेवताना तेज आणि शीतलता यांपैकी जे भावेल ते मनात ठेवायला शब्दाची ना नाही.

गोदाकाठ

दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. संस्कृतात हा शब्द पुल्लिंगी, मराठीतही एकवचनात पुल्लिंगी. मग मराठी घरात मुलीला ‘किरण’ म्हणणे हा केवळ हिंदीचा, विशेषतः हिंदी चित्रपटांचा आणि मालिकांचा प्रभाव नव्हे काय? आपल्या भाषेत ‘किरण आला’ हे जितके स्वाभाविक वाटते तितके ‘किरण आली’ वाटत नाही. मुलींसाठी ‘प्रभा’, ‘आभा’, ‘दीप्ती’, ‘उषा’ अशी स्त्रीलिंगी आणि प्रकाशवाचक नावे असताना व्याकरणाशी तडजोड कशासाठी करायची, असा माझा प्रामाणिक प्रश्न आहे.

अक्षरयात्री

प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

व्याकरणातले लिंग आणि नावाचे लिंग यांची सांगड मराठीने तरी कधीच काटेकोरपणे घातलेली नाही. अमरकोशातल्या त्याच यादीतला ‘रश्मि’ घ्या. संस्कृतात तो पुल्लिंगी आहे, तरीही आज महाराष्ट्रात रश्मी नावाचा मुलगा शोधून सापडणे कठीण. शेवटच्या इकारामुळे तो शब्द कानाला स्त्रीलिंगी वाटतो आणि तेवढ्यावर तो मुलींचा झाला. मुलीला ‘रश्मी’ म्हणताना व्याकरणाची तडजोड झाली, असे कोणालाही वाटत नाही. मग तोच नियम ‘किरण’ला लावणे न्याय्य ठरत नाही.

उलट दिशेची उदाहरणेही विपुल आहेत. कमल, सुमन, कुसुम हे शब्द नपुंसकलिंगी आहेत. विमल, मंगल, शीतल ही तर मुळात विशेषणे, ती तिन्ही लिंगांना सारखीच लागतात. तरीही आपल्या आज्यांच्या आणि पणज्यांच्या पिढ्यांत ही सर्व नावे स्त्रियांची होती. कथालेखिका कमल देसाई आणि गायिका सुमन कल्याणपूर ही नावे उच्चारताना कोणाच्या मनात संदेह येत नाही. तिकडे तमिळनाडूत कमल हासन आहेत आणि ‘विमल’चे बंगाली रूप ‘बिमल’ पुरुषांचे आहे. ‘संतोष’ महाराष्ट्रात निखळ पुरुषाचे नाव मानले जाते, पण १९९२ आणि १९९३ अशी लागोपाठ दोन वर्षे एव्हरेस्ट सर करणाऱ्या हरियाणाच्या संतोष यादव या महिला गिर्यारोहक आहेत. यापैकी कोणत्याही नावाने भाषेला इजा झाल्याचे दिसत नाही.

हिंदीचा प्रभाव मी नाकारत नाही. तो आहे आणि ठळक आहे. तथापि एखादी गोष्ट शेजारच्या भाषेतून आली म्हणून ती परकी ठरत नाही, विशेषतः शब्द दोघींनीही एकाच घरातून घेतलेला असताना. सोलापूर जिल्ह्यात जन्मलेली आणि २०२२ मध्ये भारताकडून टी-ट्वेंटी सामने खेळलेली किरण नवगिरे मराठीच आहे आणि तिच्याविषयीच्या मराठी बातम्यांत ‘किरणने फटकेबाजी केली’ हे वाक्य अगदी सहज बसते.

पूर्वरंग

बंगालमध्ये माझे बरेच वास्तव्य झाले आहे, त्या आधारावर एक वेगळा मुद्दा मांडू इच्छितो. बंगालीत व्याकरणिक लिंग जवळजवळ नाहीच. ‘तो आला’ आणि ‘ती आली’ यांसाठी क्रियापद एकच, सर्वनामही एकच. त्यामुळे ‘भाषेतल्या लिंगाकडे नाव झुकते’ हा सिद्धांत तिथे लागू करता येत नाही. तिथल्या लोकांनी वेगळा मार्ग काढला होता, तो म्हणजे नावाला शेपूट जोडण्याचा. पुरुष असेल तर किरणचंद्र किंवा किरणशंकर, स्त्री असेल तर किरणबाला, किरणमयी किंवा किरणलेखा. काँग्रेसचे नेते किरणशंकर रॉय हे नाव त्या पिढीच्या पद्धतीचे उत्तम उदाहरण आहे.

मला वाटते की ही पद्धत केवळ बंगालपुरती नव्हती. जुन्या नावांत पहिला भाग अर्थ सांगत असे आणि दुसरा भाग व्यक्ती स्त्री की पुरुष हे सांगत असे. आपल्याकडेही राव, पंत, बाई, ताई हे काम करतच होते. विसाव्या शतकात नावे आखूड होत गेली, शेवटचे पद गळून पडले आणि उरलेला मधला शब्द दोघांचाही झाला. उभयलिंगी नावे ही आधुनिक काळाची किंवा पाश्चात्त्यांच्या अनुकरणाची देणगी आहे, असे अनेकदा लिहिले जाते. निदान ‘किरण’च्या बाबतीत ते खरे नाही. नाव मुळातच तटस्थ होते, त्याच्यावरची खूण तेवढी उतरली.

अक्षरयात्री

पूर्वरंग, आपला मुद्दा माझ्या मांडणीतली पोकळी भरून काढणारा आहे. गुजरातीत ही खूण अजूनही जिवंत आहे. तिथे शब्द नपुंसकलिंगी असल्याने तो कोणत्याच बाजूला ओढत नाही, म्हणून ‘किरणभाई’ आणि ‘किरणबेन’ हे दोन्ही सारख्याच सहजतेने नांदतात. शीख समाजात तर ही व्यवस्था सर्वांत स्वच्छ आहे. किरणदीप, किरणजीत ही नावे मुलगा आणि मुलगी दोघांनाही ठेवता येतात, पुढे ‘सिंग’ लागला की तो आणि ‘कौर’ लागले की ती.

दक्षिणवारा

तेलुगूभाषकांच्या शेजारात राहिल्यामुळे तिथले थोडेसे सांगतो. तेलुगूत प्रकाशाच्या किरणाला ‘किरणं’ म्हणतात, शेवटच्या अनुस्वारासह. नाव ठेवताना तो गळतो आणि ‘किरण्’ असे व्यंजनान्त रूप होते. अशी रूपे तिथे पुरुषांच्या नावांत रूढ आहेत. त्याला बहुधा ‘कुमार’ जोडतात. अविभाजित आंध्र प्रदेशचे शेवटचे मुख्यमंत्री किरणकुमार रेड्डी याच पद्धतीच्या नावाचे. मुलीसाठी तिथे ‘किरणमयी’ वापरतात. कर्नाटकातही नुसते ‘किरण’ म्हटले की मुलगा असाच समज होतो. मात्र बंगळूरमध्ये जन्मलेल्या आणि १९७८ मध्ये बायोकॉन सुरू करणाऱ्या उद्योजिका किरण मजुमदार-शॉ गुजराती कुटुंबातल्या आहेत. अक्षरयात्री यांनी नुकताच गुजरातीबद्दल जो मुद्दा मांडला, तो इथे चपखल बसतो: राहण्याचे गाव कानडी असले तरी नाव घरच्या भाषेचे नियम पाळते.

मृगशीर्ष

राशीवरून नाव ठेवणाऱ्यांसाठी एक छोटी नोंद: ‘की’ हे अक्षर मृगशीर्ष नक्षत्राच्या चौथ्या चरणाचे, म्हणजे मिथुन राशीचे मानतात. ऱ्हस्व ‘कि’ने सुरू होणारी नावेही त्यातच धरली जातात.

दूरदेशी

मी गेली अनेक वर्षे जर्मनीत राहते. आपल्यापैकी पुष्कळांना कदाचित ठाऊक नसेल की ‘किरण’ या नावावर त्या देशाच्या सर्वोच्च घटनात्मक न्यायालयात निकाल लागला आहे आणि तो निकाल केवळ या नावापुरता न राहता सर्वच उभयलिंगी नावांसाठी निर्णायक ठरला.

जर्मनीत बाळाचे नाव नोंदणी कार्यालयाने स्वीकारावे लागते. नावावरून मुलगा की मुलगी हे स्पष्ट झाले पाहिजे, अशी तिथे दीर्घकाळ प्रथा होती. नाव दोन्हींकडे चालणारे असेल, तर सोबत लिंग स्पष्ट करणारे दुसरे नाव जोडण्याचा आग्रह धरला जाई. एका दांपत्याने आपल्या मुलीचे नाव ‘किरण’ एवढेच ठेवले. कार्यालयाने हरकत घेतली, खालच्या न्यायालयांनी ती उचलून धरली आणि प्रकरण कार्ल्सरूहे येथील संघीय संविधान न्यायालयापर्यंत गेले. डिसेंबर २००८ मध्ये त्या न्यायालयाने सांगितले की नावावरून लिंग कळलेच पाहिजे असा नियम कायद्यात कुठेही नाही. नाव निवडणे हा आईवडिलांचा अधिकार आहे आणि त्यावर मर्यादा घालायची तर मुलाच्या हिताला बाधा येत असली पाहिजे. ‘किरण’ या नावाने मुलीला स्वतःच्या लिंगाशी एकरूप होण्यात कोणताही अडथळा येत नाही, म्हणून हरकत टिकत नाही.

मला या निकालाचे मोल फार वाटते. इथे नाव नोंदवताना अधिकाऱ्यासमोर शब्दाचा अर्थ, उच्चार आणि वापर समजावून सांगावा लागतो, हे इथल्या भारतीय पालकांना चांगले ठाऊक आहे. आपल्या भाषांतला एक साधा, रोजचा शब्द त्या देशातील पालकांच्या स्वातंत्र्याचा आधार झाला, ही गोष्ट मराठी वाचकांपर्यंत पोहोचायला हवी होती.

इंग्रजीभाषक देशांत वेगळीच गंमत आहे. तिथे ‘कीरन’ असे उच्चारले जाणारे एक आयरिश नाव फार जुने आहे. त्याचे मूळ रूप ‘कियारान’, ‘कियार’ म्हणजे काळा किंवा सावळा, आणि त्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लागलेला. सहाव्या शतकात क्लोनमॅकनॉइस येथे मठ स्थापन करणारे संत याच नावाचे होते. म्हणजे कानाला जवळजवळ सारखी वाटणारी दोन नावे, एकाच्या अर्थात प्रकाश आणि दुसऱ्याच्या अर्थात काळेपणा, आणि दोघांचा एकमेकांशी व्युत्पत्तीने काहीही संबंध नाही. ते आयरिश नाव पुरुषांचे असल्यामुळे तिथे आपली किरण नावाची मुलगी पत्रव्यवहारात पुष्कळदा मुलगा समजली जाते. परदेशी राहणाऱ्या पालकांनी ही बाब लक्षात घ्यावी. ‘ण’चा उच्चार तिथे कोणालाच जमत नाही, ते वेगळेच.

वाचनमग्न

धागा फार उत्तम चालला आहे. लोकप्रियतेविषयी कोणी नेमके सांगू शकेल का? हे नाव आता मागे पडले आहे, असे माझ्या पाहण्यात येते. शाळेत शिक्षिका म्हणून काम करताना पालकांच्या यादीत किरण असतात, विद्यार्थ्यांच्या यादीत क्वचितच.

अक्षरयात्री

आपले निरीक्षण माझ्या समजुतीशी जुळते, पण आकड्यांनी ते सिद्ध करण्याची सोय आपल्याकडे नाही. आपली जनगणना नावांची वारंवारता प्रसिद्ध करत नाही आणि जन्मनोंदणीच्या आकडेवारीतही नावे येत नाहीत. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा प्रशासन १८८० पासूनची नावे वर्षनिहाय प्रसिद्ध करते. एका वर्षात किमान पाच बाळांना ठेवलेले प्रत्येक नाव त्यात सापडते, आणि ‘किरण’ तिथे मुलांच्या आणि मुलींच्या अशा दोन्ही याद्यांत आहे. परंतु तो तिथल्या स्थलांतरित कुटुंबांचा आरसा आहे, त्यावरून महाराष्ट्राचा अंदाज बांधणे योग्य नव्हे.

आपल्याकडे हाती असलेला पुरावा अप्रत्यक्ष आहे. सार्वजनिक जीवनातल्या किरण नावाच्या व्यक्तींची जन्मवर्षे पाहा: नगरकर १९४२, बेदी १९४९, इस्रोचे किरणकुमार १९५२, मजुमदार-शॉ १९५३, मोरे १९६२, कादंबरीकार किरण देसाई १९७१, दिग्दर्शिका किरण राव १९७३. नावाजलेली माणसे ही नमुना म्हणून तोकडीच, तरी त्यांतून एक कालखंड दिसतो. चाळीस ते सत्तरच्या दशकांत देवांची आणि पूर्वजांची नावे मागे सारून निसर्गातली, लहान आणि अर्थवाही नावे ठेवण्याकडे सुशिक्षित कुटुंबांचा ओढा होता. किरण, प्रकाश, उषा, संध्या, वसंत, हेमंत ही सारी त्याच हवेतली आहेत. मराठीत हा शब्द त्याआधीच काव्याच्या वलयात आला होता. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या कवींच्या मंडळाने ‘रविकिरण’ हे नाव घेतले, यावरून त्या शब्दाची तेव्हाची प्रतिष्ठा कळते.

आज तीन अक्षरी, अकारान्त आणि सर्वांना अर्थ कळणारी नावे मागे पडली आहेत. कमी ऐकलेले, शक्यतो दोन अक्षरांचे आणि दीर्घ स्वराने संपणारे नाव पालकांना हवे असते. माझे स्पष्ट मत असे की यामुळेच ‘किरण’ आता विचारात घेण्याजोगे झाले आहे: वर्गात त्याच नावाची चार मुले असण्याची शक्यता उरलेली नाही, आणि तरीही ते सांगताना कोणाला अर्थ समजावून द्यावा लागत नाही.

नोंदवही

जन्मनोंदणीच्या कामाशी माझा अनेक वर्षे संबंध आला आहे. व्यावहारिक बाजू सांगतो.

आपल्या कायद्यात नाव आणि लिंग यांची सांगड घालणारी कोणतीही अट नाही. लिंगाचा रकाना स्वतंत्र असतो आणि नाव त्याच्याशी जुळते की नाही हे पाहण्याचा अधिकार निबंधकाला नाही. जन्माची नोंद नावाशिवायही होते. त्यानंतर बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. त्यामुळे घाईने नाव ठरवण्याची गरज नाही.

अडचण येते ती पुढे, अर्जांमध्ये. महाराष्ट्रातील पद्धतीत मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे, म्हणजे त्यावरून काहीच कळत नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय दस्तऐवजांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव हा क्रम आला आहे. आईचे नाव आले ही चांगलीच गोष्ट झाली, परंतु ‘किरण’ मुलगा की मुलगी हे त्यातूनही कळत नाही. म्हणून कुणीतरी अर्ज भरताना अंदाजाने ‘श्री.’ किंवा ‘कु.’ लिहितो, रकान्यात चुकीची खूण होते आणि ती चूक एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरत जाते. माझी विनंती एवढीच आहे की हे नाव ठेवणाऱ्यांनी शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर लिंगाचा रकाना पहिल्याच दिवशी स्वतः वाचून पाहावा. चूक कोवळी असतानाच दुरुस्त होते. दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत पोहोचली की फार दमवते.

सावलीतळी

या चर्चेत एक बाजू राहून गेली आहे, ती अदबीने मांडते. माझ्या जवळच्या नात्यातली एक व्यक्ती जन्मतः ज्या लिंगाची नोंदली गेली, त्या लिंगाची नाही. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला आणि २०१९ मध्ये त्याविषयीचा कायदाही झाला. तरीही नाव बदलणे म्हणजे राजपत्रात जाहिरात, मग बँक, शिक्षण मंडळ, पारपत्र अशी प्रत्येक ठिकाणी नवी खटपट असते. त्या व्यक्तीचे नाव जन्मापासूनच दोन्हींकडे चालणारे होते, म्हणून नावाला हात लावावा लागला नाही, लिंगाचा रकाना तेवढा बदलावा लागला. आईवडिलांनी हा विचार करून नाव ठेवले होते असे नव्हे. पण घरातल्या वृद्धांना नव्या नावाने हाक मारण्याची सवय करावी लागली नाही, आणि त्यामुळे कितीतरी दुःख टळले.

गोदाकाठ

सर्व प्रतिसाद काळजीपूर्वक वाचले. रश्मीच्या उदाहरणाला माझ्याकडे उत्तर नाही, हे मान्य करतो. तरीही भाषेच्या अंगाने एक शंका उरते. सामान्यरूपाचे काय? ‘किरणाने’ की ‘किरणने’? आणि मुलीच्या बाबतीत वेगळे रूप व्हायला नको का?

निरुक्तप्रेमी

या शंकेचे उत्तरच या नावाच्या बाजूने जाते. वस्तुवाचक शब्द असेल तर सामान्यरूप होते: ‘पहिल्या किरणाने धुके विरले’, ‘किरणाचा कोन’. व्यक्तीचे नाव असेल तर आजच्या प्रमाण मराठीत ते जसेच्या तसे राहते: ‘किरणने पत्र लिहिले’, ‘किरणचा वाढदिवस’, ‘किरणला विचारा’. जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘रामाने’, ‘गोविंदाने’ अशी रूपे पुरुषांच्या नावांना सर्रास होती आणि काही नावांना ती अजूनही आहेत, पण ‘किरण’ रूढ होईपर्यंत नावे न बदलण्याची प्रथा स्थिरावली होती. अकारान्त स्त्रीलिंगी शब्दांचे ‘माळेला’, ‘भिंतीला’ असे सामान्यरूप होते, तसे मुलीच्या नावाचे ‘किरणेला’ किंवा ‘किरणीला’ कोणीही करत नाही, जसे ‘शीतलला’, ‘कोमलला’ असेच म्हणतो. म्हणजे विभक्तीच्या पातळीवर किरण नावाचा मुलगा आणि किरण नावाची मुलगी यांच्यात मराठी काहीच भेद करत नाही.

भेद दिसतो तो क्रियापदात आणि विशेषणात: ‘किरण आला’, ‘किरण आली’, ‘धाकटा किरण’, ‘धाकटी किरण’. आदरार्थी बोलताना ‘किरण यांनी सांगितले’ असे म्हटले की तोही झाकला जातो आणि पुढच्या वाक्यात ‘ते म्हणाले’ किंवा ‘त्या म्हणाल्या’ येईपर्यंत वाचकाला थांबावे लागते. वृत्तपत्रात काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे आणि पहिल्याच वाक्यात पद किंवा नाते नमूद करावे: ‘प्राचार्या किरण’, ‘त्यांचे बंधू किरण’. तेवढ्याने काम भागते.

वाचनमग्न

मनापासून आभार. बहिणीने बाळासाठी तीन नावे निवडली आहेत आणि त्यांत किरण आहे. बाळ अजून यायचे आहे. हा धागा तिला आणि आमच्या आईला, दोघींनाही वाचायला देते, कारण घरात नेमका हाच वाद चालू आहे. ‘पुल्लिंगी शब्द मुलीला कसा चालेल’ हा आईचा आक्षेप आहे. तिला आधी अक्षरयात्री यांचा रश्मीविषयीचा परिच्छेद दाखवीन.